ज्येष्ठ पियानोवादकाचा एकल जॅझ अल्बम ध्वनिमुद्रित करताना

पियानो, डबल बास आणि ड्रम यांच्या त्रिकुटात पियानोचे बरेच दोष झाकले जातात. पेडलची कुरकुर झांजेखाली दबते, खर्जातली पोकळी डबल बास भरून काढतो आणि एखादा स्वर किंचित उतरला असला तरी ऐकणाऱ्याचं लक्ष ठेक्यावर असतं. एकट्या पियानोला असला आडोसा नसतो. शेवटचा स्वर विरत जातानाचे आठ-दहा सेकंद अख्खी खोली, बाकाचा खिळा आणि बाहेरचा रस्ता, सगळं उघड ऐकू येतं. म्हणून या कामाचा क्रम ठरलेला ठेवा: आधी वाद्य, मग हवा, मग खोली, मग वादकाची दिनचर्या आणि सर्वांत शेवटी मायक्रोफोन. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात, महागडे मायक्रोफोन भाड्याने आणतात आणि ट्यूनरला दोन तासांची वेळ देतात. अशा अल्बमातल्या चुका नंतर मिक्सिंगमध्ये निघत नाहीत.

वाद्य

साधारण सात फुटांहून लहान ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा पियानो, शक्यतो घेऊ नका. यामाहाचा सी-सेव्हन २२७ सेंटिमीटर लांब असतो, स्टाइनवेचा बी २११ आणि डी २७४. ही लांबी मोठ्या आवाजासाठी लागत नाही. खालच्या तारा आखूड आणि जाड असल्या की त्यांचे उपस्वर मूळ स्वराशी नीट जुळत नाहीत, आणि डाव्या हाताचे खर्जातले कॉर्ड गढूळ ऐकू येतात. स्ट्राइड शैलीत वाजवणाऱ्या वादकाला, म्हणजे ज्याचा डावा हात खर्ज आणि मधला कॉर्ड यांत सतत झेपा घेतो त्याला, आखूड पियानो देऊच नये.

वादकाच्या घरी चाळीस-पन्नास वर्षं असलेला पियानोच वापरू या, असा आग्रह घरचे हमखास धरतात. वांद्रे, वसई, मडगाव अशा समुद्राजवळच्या घरांत हे फार होतं. नम्रपणे नाही म्हणा. खाऱ्या दमट हवेत तारा गंजतात, ट्यूनिंगच्या पिना ज्या लाकडात बसवलेल्या असतात ते लाकूड पकड सोडतं, आणि सकाळी लावलेला सूर दुपारपर्यंत टिकत नाही. सूर चढवताना गंजलेली तार तुटली तर नवी तार पुढे कित्येक दिवस ताणत राहते, म्हणजे तो एक स्वर अख्ख्या मुद्रणात उतरतच जाणार. फोटो त्या पियानोसोबत काढा, मुद्रण दुसऱ्यावर करा.

या ठिकाणी कोणीतरी अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटच्या जर्मनीतल्या कोलोनच्या मैफलीचा दाखला देतोच. २४ जानेवारी १९७५ च्या त्या रात्री ऑपेरा हाऊसमध्ये भलताच, लहान आणि नादुरुस्त बोझेनडॉर्फर पियानो पुढे आला होता. वरचे स्वर किनरे, खर्ज अशक्त, पेडल बिघडलेली. जॅरेट मधल्या सप्तकांत राहिला, डाव्या हाताने एकेक आकृती फिरवत ठेवली आणि त्यातून जगभर विकली गेलेली रेकॉर्ड झाली. पण तेव्हा तो २९ वर्षांचा होता. पंचाहत्तरीच्या माणसाला वाद्याशी झुंजायला लावून चमत्काराची वाट पाहणं हे नियोजन नव्हे.

पियानो निवडताना स्वतः एक तास बसा. ८८ पट्ट्या एकेक करून अगदी हळू आणि अगदी हलक्या दाबा, प्रत्येक दोनदा. दमट हवेत पट्टीखालचं फेल्ट फुगतं आणि पट्टी दाबल्यावर आळसाने वर येते. जोरात वाजवताना हे कळत नाही, संथ बॅलडमध्ये स्वर गळतो तेव्हा कळतं. हातोडी तारेच्या साधारण दीड-दोन मिलिमीटर जवळ येऊन सुटली पाहिजे. हे अंतर जास्त असेल तर हळू वाजवलेले स्वर उमटतच नाहीत, फार कमी असेल तर हातोडी दोनदा आपटते. मग उजवं पेडल अगदी सावकाश दाबत जा आणि सगळे डँपर, म्हणजे तारा थांबवणारे फेल्टचे ठोकळे, एकदम उठतात का ते पाहा. एखादा मागे राहत असेल तर अर्ध्या पेडलवर वाजवणारा वादक वैतागेल. शेवटी पेडल दाबून ठेवून खालपासून वरपर्यंत सगळे स्वर जोरात वाजवा आणि खोलीत काय झणझणतं ते शोधा: दिव्याची काच, खिडकीची कडी, ध्वनिफलकावर, म्हणजे तारांखालच्या लाकडी पत्र्यावर, पडलेली पेन्सिल किंवा नाणं. नाणं जवळपास प्रत्येक जुन्या पियानोत सापडतं.

हवा आणि सूर

पियानोचा ध्वनिफलक स्प्रूस लाकडाचा असतो. दमट हवेत तो फुगून वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरड्या हवेत उलट होतं. सगळे स्वर सारखे सरकले असते तर चाललं असतं, पण मधली सप्तकं जास्त हलतात आणि टोकं कमी, त्यामुळे वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत हवी, आणि आकड्यापेक्षाही ती स्थिर हवी. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हे मुद्रण ठेवूच नका. पावसाळ्यात बाहेर ८० टक्क्यांच्या वर असताना दार उघडलं तरी फरक पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पुण्यात किंवा नागपुरात उन्हाळ्यात वेगळीच अडचण असते: बाहेरची हवा आधीच कोरडी, त्यात एसी, म्हणजे आर्द्रता २५ टक्क्यांवर. तिथे ह्युमिडिफायर लागेल. शंभर-दोनशे रुपयांच्या काटेवाल्या मापकावर विसंबू नका. दोन डिजिटल मापक घ्या, एक पियानोच्या झाकणाखाली, एक खोलीत.

एसी किंवा डिह्युमिडिफायर मुद्रणाच्या आधी निदान आठवडाभर रात्रंदिवस चालू ठेवा. वीजबिलाच्या काळजीने रात्री बंद केला की आठवड्याची मेहनत गेली. टेक, म्हणजे एका सलग वादनाचं मुद्रण, चालू असताना मात्र पंख्याचा आवाज नको म्हणून एसी बंद करावा लागतो. त्यावर तोडगा असा: खोली २३ अंशांवर आणा, एसी बंद करा, वीस-पंचवीस मिनिटं वाजवणं होऊ द्या, मग पुन्हा चालू करा. रंगमंचावरचे गरम दिवे अजिबात नकोत. त्यांच्या उष्णतेने तारा काही मिनिटांत प्रसरण पावतात आणि सूर उतरतो. व्हिडिओवाल्यांना हे आधीच लेखी कळवा.

ट्यूनरचं वेळापत्रक असं ठेवा. पियानो बराच उतरलेला असेल तर दोन आठवडे आधी सूर चढवून घ्या, कारण एकदम चढवलेला सूर पहिले काही दिवस परत घसरतो. तीन दिवस आधी पूर्ण ट्यूनिंग. मुद्रणाच्या प्रत्येक सकाळी दोन तास, अगदी शांततेत. त्या वेळी खुर्च्या सरकवणं आणि केबल ओढणं बंद. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वीस मिनिटं. वरच्या भागात प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. त्यातली एक सेंटभर, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाइतकी, जरी सरकली तरी लांब धरलेल्या स्वरात लाटा उठतात. हे काम ट्यूनर जागेवर असला तरच होतं, म्हणून त्याला दिवसभराचे पैसे देऊन बसवून ठेवा. आणि मूळ सूर कोणताही ठरवा, ए हा स्वर ४४० हर्ट्झ किंवा ४४२, पण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तोच ठेवा. नाहीतर दोन दिवसांचे टेक एकमेकांना जोडता येणार नाहीत.

हातोड्यांचं फेल्ट टोचून मऊ करणं किंवा घट्ट करणं, म्हणजे व्हॉइसिंग, हे वादकाच्या एकट्याच्या सांगण्यावरून करू नका. वाढत्या वयात वरच्या कंप्रता कमी ऐकू येतात. ‘पियानो मंद वाटतोय, जरा उजळ करा’ असं वादक म्हणतो, आणि तो उजळ केलेला पियानो नियंत्रण कक्षात कानात टोचतो. दहा मिनिटं मुद्रित करून त्यांना चांगल्या स्पीकरवर ऐकवा आणि मग ठरवा. बऱ्याचदा पियानोला हातही लावावा लागत नाही, फक्त पुस्तक ठेवायची फळी काढली की वादकाला वरचे स्वर थेट ऐकू येऊ लागतात. फळी काढायची की ठेवायची हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा, कारण मायक्रोफोनमधला आवाजही तिने बदलतो.

खोली

छत चार मीटरपेक्षा उंच असावं. अडीच मीटरच्या छताखाली झाकण उघडलं की छतावरून परतणारा आवाज थेट आवाजाशी भांडतो आणि काही स्वर फुगतात, काही खचतात. जॅझसाठी खोलीतली गुंज दीड सेकंदाच्या आसपास चांगली. चर्चसारख्या तीन-चार सेकंदांच्या जागेत जलद फ्रेझ एकमेकांवर चढतात. अमेरिकन जॅझ पियानोवादक हँक जोन्स यांनी १९९१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या मेबेक रिसायटल हॉलमध्ये एकल अल्बम केला. जेमतेम पन्नासेक माणसं मावतील एवढं ते लाकडी दालन आहे, आणि त्या मालिकेत अनेक वादकांनी तिथे वाजवलं. मोठ्या नाट्यगृहापेक्षा अशी जागा शोधा.

पियानो खोलीच्या बरोबर मध्यभागी किंवा भिंतीला समांतर ठेवू नका. झाकण उघडतं त्या बाजूला निदान तीन मीटर मोकळे हवेत. लाकडी जमीन असेल तर तशीच राहू द्या, फक्त पेडलखाली आणि बाकाखाली जाड सतरंजी घाला. जागा पक्की करण्याआधी ज्या वेळेला मुद्रण आहे त्याच वेळेला, त्याच वारी तिथे जाऊन अर्धा तास शांतता मुद्रित करा. दिनदर्शिकाही पाहा. गणपती, लग्नाचे मुहूर्त, निवडणूक प्रचार: ढोलाचा आणि डीजेचा खर्ज कोणत्याही भिंतीतून येतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून कोकीळ असतो, आणि तो नेमका पियानोच्या मधल्या सप्तकाच्या वर गातो.

वादक आणि रचना

एकट्याने वाजवायचं म्हणजे विश्रांती नाही. बासवादकाचा सोलो आला म्हणून हात खाली ठेवता येत नाहीत. दिवसाला दीड-दीड तासाच्या दोन बैठका, मध्ये किमान दोन तासांची सुट्टी, असे तीन दिवस धरा. पन्नास मिनिटांच्या अल्बमला हे पुरतं. वादक रात्री चांगला वाजवत असेल तर बैठका संध्याकाळी ठेवा, स्टुडिओच्या सोयीने सकाळी दहाला नको. बोटं गार पडली की जलद पॅसेज आधी बिघडतात, म्हणून कोमट पाण्याचं भांडं आणि टॉवेल जवळ ठेवा. कॉर्डचे कागद वापरणार असतील तर मोठ्या टाइपात, प्रत्येक रचना एका पानात बसेल असे छापा, म्हणजे पान उलटण्याचा आवाज येणार नाही. घड्याळ, अंगठ्या, चेन असलेलं जाकीट बाजूला. बाकाचे बोल्ट आदल्या रात्री आवळा आणि दुसरा बाक तयार ठेवा.

गुणगुणणं थांबवू नका. नामवंत जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनही वाजवता वाजवता गुणगुणत आणि जॅरेटचं गुणगुणणं तर सर्वांना ठाऊक आहे. ते थांबवलं की वाजवणंही आखडतं.

दहा-अकरा रचना हव्या असतील तर सोळा-सतराची यादी करा. तिच्यात स्केल आणि लय यांची विविधता आधीच तपासा. जॅझवाले ई फ्लॅट आणि बी फ्लॅटमध्ये इतके रमतात की नंतर क्रम लावताना चार रचना एकाच स्केलमधल्या निघतात. दमाने घ्यायच्या रचना दमाच्या माणसालाही रोज थोड्याच. जॅरेटने १९९८ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजारातून उठत असताना घरच्या स्टुडिओत एक एकल अल्बम मुद्रित केला, आणि त्यात लांबलचक आलापी टाळून जुन्या धुना छोट्या, साध्या वाजवल्या. ताकद कमी असताना रचना छोटी करावी, लय संथ करावी. तरुणपणीचं लांबलचक रूप ओढून ताणून वाजवायला लावू नये.

हक्कांचं काम याच टप्प्यावर करा. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. अमेरिकेत जुन्या प्रकाशित रचनांना प्रकाशनापासून ९५ वर्षं. अल्बम जगभर ऑनलाइन जाणार असेल तर दोन्ही पाहावं लागतं. जॅझ पियानोवादक आणि रचनाकार थेलोनियस मंक १९८२ मध्ये गेला, त्याच्या रचना अजून हक्कात आहेत. परवानगी मागताना रचनेचं आणि संगीतकाराचं नाव अचूक लिहा, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे आणि वितरकाकडे तेच जातं. जुन्या कॉर्डच्या चौकटीवर स्वतःची नवी धून बांधायची जॅझची रीत तर आहेच. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या १९३० च्या ‘आय गॉट ऱ्हिदम’च्या कॉर्डवर किती धुना झाल्या त्याला गणती नाही. ज्येष्ठ वादकाकडे अशा चार-दोन धुना वहीत पडलेल्या असतात. त्या विचारून घ्या, हक्क त्यांचेच राहतात.

मायक्रोफोन

झाकण पूर्ण उघडं. मुख्य जोडी म्हणून दोन ओम्नी, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं ऐकणारे, मायक्रोफोन, एकमेकांपासून ४५ ते ६० सेंटिमीटर, पियानोच्या वळणापासून दीड ते दोन मीटर, उंची साधारण १६० ते १७० सेंटिमीटर. इथून सुरू करा आणि एका वेळी दहा सेंटिमीटरच हलवा. आवाज कोरडा आणि हातोड्यांचा वाटला तर मागे, गुंजेत हरवला तर पुढे. दोघांतलं अंतर ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेलं की मध्ये भोक पडतं आणि उजव्या हाताची ओळ एका स्पीकरमधून दुसऱ्यात उड्या मारते.

जॅझला थोडा जवळचा ठसका लागतो. त्यासाठी दोन कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारे मायक्रोफोन, १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, तारांच्या वर तीसेक सेंटिमीटर, हातोड्यांपासून थोडे मागे. मिसळताना ही जोडी मुख्य जोडीपेक्षा आठ ते दहा डेसिबल खाली ठेवा. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दोन मीटर मागची जोडी सुमारे सहा मिलिसेकंद उशिरा ऐकते. दोन्ही सारख्या पातळीवर मिसळल्या की आवाज पोकळ होतो. दर बदलानंतर मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका. मोनोत मधले स्वर गायब होत असतील तर जवळची जोडी जास्त फाकलेली आहे. साधनांच्या यादीने दबून जाऊ नका: जॅरेटची कोलोनची मैफल ध्वनिमुद्रक मार्टिन विलांडने न्यूमन यू ६७ मायक्रोफोनच्या एका जोडीवर मुद्रित केली होती.

मायक्रोफोन बसवताना वादकाला दोन तास वाजवायला लावणं ही सर्वांत महाग चूक आहे. हात तसाच पडणारा एखादा विद्यार्थी आदल्या दिवशी बोलवा, सगळं ठरवा, जमिनीवर टेप लावा, स्टँडची उंची मोजून लिहा, फोटो काढा. वादक आल्यावर दहा मिनिटं पुरे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत जोराचा स्वर उणे १२ डेसिबलवर. चार चॅनलचे तासाला चार जीबीहून थोडे जास्त होतात. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहा.

टेक

वादक बाकावर बसल्यापासून उठेपर्यंत मुद्रण चालूच ठेवा. सरावातला पहिला ब्लूज कधीकधी सगळ्यात सैल आणि सुंदर असतो. लाल दिवा नको, हेडफोन नको, लय दाखवणारी क्लिक तर नकोच. पहिल्या दिवशी मध्यम लयीतलं काहीतरी ओळखीचं घ्या. स्ट्राइड आणि जलद रचना हात ताजे असताना, बैठकीच्या दुसऱ्या अर्ध्या तासात. बॅलड शेवटी, कारण दमल्यावर माणूस स्वर कमी वाजवतो आणि ते बॅलडला मानवतं.

एका रचनेचे तीनच्या वर टेक घेऊ नका. जॅझ पियानोवादक आर्ट टेटमने डिसेंबर १९५३ मध्ये निर्माता नॉर्मन ग्रांझसाठी दोन दिवसांत साठाहून अधिक रचना वाजवल्या, जवळजवळ सगळ्या एकाच टेकमध्ये. प्रत्येकाला ते जमत नाही, पण चौथ्या टेकपासून वादक आधीच्या टेकची नक्कल करू लागतो हे सर्वांना लागू आहे. टेक फसला तर टॉकबॅकवरून, म्हणजे नियंत्रण कक्षातल्या माइकवरून, चूक सांगू नका. ‘सर, पुढची घेऊ या, ही संध्याकाळी बघू’ एवढं पुरतं. शेवटच्या स्वरानंतर पेडल उचललं जाईपर्यंत कोणी हलायचं नाही. दिवसाच्या शेवटी रिकाम्या खोलीचा एक मिनिट मुद्रित करा, जोडकामात लागतो.

जोड आणि मास्टरिंग

उत्स्फूर्त वाजवलेल्या दोन टेकांची लय सारखी नसते आणि पेडलने धरलेली गुंजही वेगळी असते, म्हणून जोड जिथे वाटेल तिथे लागत नाही. जागा एकच: नव्या आवर्तनाचा पहिला ठोका, आधी पेडल उचललेलं, डावा हात ठाम पडलेला. ठोक्याच्या किंचित आधी कापा, दहा-पंधरा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक टेक विरत असतानाच दुसरा वर येणं. ३२ मात्रापट्टांच्या रचनेत अशा तीन-चार जागा मिळतात. सोलोच्या मध्ये जोड लावायची वेळ आली तर दुसरा टेक अख्खा वापरा. चुकलेला एखादा स्वर राहू द्या, जोडलेला कळला तर जास्त खटकतो.

बाकाची करकर स्पेक्ट्रल दुरुस्तीने काढता येते. अख्ख्या ट्रॅकवर नॉइज रिडक्शन लावू नका, विरणाऱ्या स्वरांच्या शेपट्या त्यात कापल्या जातात. सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा आहे, तेव्हा लो-कट, म्हणजे खालच्या कंप्रता कापणारा फिल्टर, २५ च्या वर नको. कॉम्प्रेशन नाही किंवा नावापुरतं. आवाजाची सरासरी पातळी उणे १८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणि ट्रू पीक, म्हणजे सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबल असू द्या; स्ट्रीमिंगवाले पातळी स्वतःच जुळवतात, त्यासाठी पियानो चिरडण्याची गरज नाही.

विनाइल काढणार असाल तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या वर जाऊ नका, आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी शांत रचना ठेवा. आतल्या खाचांत जोराचे वरचे स्वर फाटतात. चाचणीच्या प्रती आल्या की सगळ्यात लांब धरलेला कॉर्ड आधी ऐका. सूर दर १.८ सेकंदाला वरखाली होत असेल तर भोक मध्यभागी नाही: ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डची एक फेरी तेवढ्याच वेळात होते. ढोल-गिटारच्या रेकॉर्डवर हे कळतही नाही, पियानोवर लगेच कळतं. तीन-चार प्रती तपासा. सगळ्यांत तसंच असेल तर कारखान्याला साचा पुन्हा मध्यावर बसवायला सांगा आणि नव्या चाचणी प्रती आल्याशिवाय छपाईला मंजुरी देऊ नका.